उघड्या पाठीचे हेडफोन

रविवारी दुपारी रश्मी औषधांच्या दुकानातून घरी आली, तेव्हा दाराच्या आत चपलांच्या मांडणीवर एक खोकं ठेवलेलं होतं. तपकिरी चिकटपट्टीने ते चारी बाजूंनी आवळलेलं होतं आणि पट्टीच्या कडा इतक्या सरळ होत्या, की हे हात कुणाचे ते तिला विचारावं लागलं नाही. चेतन, तिचा धाकटा भाऊ, एक रविवार आड पुण्याहून केडगावला यायचा. तो येऊन गेला की घरातलं काही ना काही घट्ट केलेलं, बदललेलं, नवं बसवलेलं असायचं. मागच्या खेपेला मोरीतला नळ, त्याच्या आधी गॅसची शेगडी. “करून टाकलं,” असं तो म्हणायचा, आणि त्यावर बोलायला जागा उरत नसे.

“हे काय आहे?” हातातली पिशवी खाली न ठेवताच तिने विचारलं.

चेतन आईच्या खाटेजवळच्या खुर्चीत बसून मोबाईल बघत होता. “तुझे हेडफोन. रिटर्न करून टाकले. चार ते सहाच्या मध्ये माणूस येईल न्यायला.”

“कुणी केले?”

“मीच. माझ्या खात्यावरून मागवले होतेस ना? गुरुवारी मेसेज आला मला. म्हटलं बघू तरी, ताईने काय घेतलंय. आज घालून बघितले तर सगळा आवाज बाहेर. गोजरमावशींना विचार. त्या तिकडे उंबऱ्यात बसल्या होत्या, त्यांना गाणं ऐकू येत होतं.”

गोजरबाई शेजारच्या. रश्मी सकाळी कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला जायची तेव्हा तिच्या आईजवळ, भागिरथीबाईंजवळ, त्याच बसत. रविवारी काम नसलं तरी सवयीने येत. मेथीची जुडी सोडता सोडता त्या म्हणाल्या, “आलं बया ऐकू. बारीक. डबड्यात माशी कोंडल्यावानी.”

“ऐकलंस? डिफेक्टिव्ह पीस,” चेतन म्हणाला. “आणि पाठ बघितलीस का त्यांची? नुसती जाळी. चहाच्या गाळण्यासारखी. आतलं सगळं दिसतं. झाकण बसवायचेच विसरले की काय कोण जाणे. त्या किमतीत अजून काय मिळणार म्हणा. मला वाटलंच होतं, म्हणून येतानाच हे घेऊन आलो.”

त्याने खुर्चीखालून एक काळं, जड, गुळगुळीत खोकं काढून तिच्यापुढे धरलं. खोक्यावर डोळे मिटून बसलेल्या एका माणसाचं चित्र होतं.

“हे घातलेस ना, की जगबुडी झाली तरी तुला ऐकू येणार नाही.”

रश्मीने खोकं घेतलं नाही. राग आला की तिचा आवाज चढत नसे, उलट खाली जायचा, आणि अगदी आला तर नाहीसाच व्हायचा. तिने औषधं कपाटात लावली, मोठ्या माणसांच्या डायपरचं पुडकं खाटेखाली सरकवलं, आईची उशी सारखी केली. उशी सारखी करण्याची गरज नव्हती. चेतनकडे पाठ करून उभं राहायला काहीतरी हवं होतं.

भागिरथीबाई डोळे उघडे ठेवून पडल्या होत्या. दीड वर्षापूर्वी त्यांची उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर बोलणंही गेलं. समजत सगळं होतं. तोंडातून मात्र ‘हं’च्या पलीकडे फारसं काही निघत नसे. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी जेवणाच्या ताटातला चमचा डाव्या हातात घेतला, पालथ्या वाटीवर दोन ठोके मारले आणि रश्मीकडे पाहिलं. दोघी मायलेकी तेव्हा किती तरी वेळ रडल्या होत्या. कारण ते ठोके जुने होते. पारनेर तालुक्यातल्या त्यांच्या वस्तीवर भागिरथीबाई रानातल्या माणसांना हाका मारत नसत. ओट्यावर उभ्या राहून परातीवर पळी आपटत. दोन ठोके म्हणजे भाकरी झाली, या. तीन, लागोपाठ, म्हणजे असाल तसे या. शेजारच्या वस्त्यांवरची माणसंही ते ओळखायची आणि चेष्टेने म्हणायची, औट्यांच्या घरी शाळा भरली. आता परातीच्या जागी वाटी होती. दोन ठोके म्हणजे पाणी, कूस बदल, पंखा लाव. तीन म्हणजे लवकर.

चार महिन्यांपूर्वी ते तीन ठोके रश्मीला ऐकू आले नव्हते.

त्या दिवशी ती स्वयंपाकघरात होती. कानांत रबरी बोंडांचे इअरफोन होते आणि त्यांत मुलतानी राग चालला होता. पारनेरला असताना सहा वर्षं ती गाणं शिकली होती. मध्यमा पूर्णची परीक्षा झाली, मग नोकरी लागली, मग वडील गेले, आणि गाणं सुटलं. गायची इच्छा हळूहळू मेली. ऐकायची मेली नाही. ग्रंथालयातून आल्यावर चारच्या सुमाराचा एखादा तास ती त्यासाठी राखायची. तानपुरा लागला, की सकाळपासून अंगावर चढलेलं एक-एक उतरत जायचं. त्या दिवशी आईने किती वेळा वाटी वाजवली, कुणास ठाऊक. शेवटी ती स्वतःच उठायला गेली आणि पडली. उजव्या मनगटाचं हाड मोडलं.

चेतन पुण्याहून दोन तासांत आला. दवाखान्याच्या जिन्यात, सख्ख्या मावशीसमोर आणि मावसभावासमोर, तो म्हणाला होता, “ताई, आई ओरडूही शकत नाही, आणि तू कानांत बोळे घालून गाणी ऐकत बसलीस.” ते खोटं नव्हतं. म्हणूनच ते चार महिने तसंच्या तसं तिच्यात रुतून राहिलं. इअरफोन तिने खणात टाकले. फोनच्या स्पीकरवर लावून पाहिलं, तर आई डाव्या हाताने कान झाकून कण्हायला लागायची. आजारानंतर तिला खोलीत भरणारा आवाज सोसत नव्हता. एकाच कानात घालून पाहिलं. एका कानाने गाणं ऐकणं म्हणजे दाराच्या फटीतून लग्न बघणं.

मग ग्रंथालयातल्या संगणकावर, दुपारी वाचक नसताना, ती वाचत गेली, आणि तिला त्या उघड्या पाठीच्या हेडफोनचा शोध लागला. कानावरच्या वाटीची मागची बाजू बंद नसते, जाळीची असते. गाणं कानाशी असतं आणि खोलीही कानाशी असते. आतलं थोडं बाहेर जातं, बाहेरचं आत येतं. लोक याला दोष म्हणत होते. रश्मीने ते वाक्य तीनदा वाचलं. तिला हवा होता तो नेमका हाच दोष. नगरला कापड बाजारातल्या दुकानात विचारायला गेली तेव्हा दुकानदार हसला होता. “मॅडम, बाहेरचं ऐकू येऊ नये म्हणून लोक पैसे मोजतात. तुम्ही ऐकू यावं म्हणून मोजणार?” त्याच्याकडे नव्हतेच. स्टुडिओवाले वापरतात ते तिच्या आवाक्यातले नव्हते, पण शोधता शोधता अडीच हजारांच्या आतबाहेरचे एक मिळाले. साधे, हलके, वायरचे, कानाला मखमलीची गादी. तिच्या फोनला वायरीचं भोकच नव्हतं, म्हणून वेगळा जोड मागवला. सगळं चेतनच्या खात्यावरून, कारण मागे त्यानेच तिच्या फोनमध्ये स्वतःचं खातं घालून दिलं होतं. घरात एकच असलेलं बरं, म्हणाला होता.

गुरुवारी ते आले. तिने आधी आईला दाखवले, मग आईच्या दारासमोर स्टूल टाकून बसली आणि घातले. तानपुरा लागला. त्याच्या मागे पुणे रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीचा भोंगा, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी, गोजरबाईंचं भांडं घासणं. काहीच नाहीसं झालं नव्हतं. सगळं आपापल्या जागी होतं आणि मधोमध गाणं होतं. दहाएक मिनिटांनी वाटीवर दोन ठोके पडले. रश्मी पहिल्याच ठोक्याला उठली. आईने तिच्या डोक्यावरच्या त्या वस्तूकडे पाहिलं, आणि वाकडं झालेलं तोंड आणखी वाकडं करून हसली.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार. तीन दिवस.

“ताई, बघ तरी उघडून,” चेतन म्हणाला.

“मला विचारलंस का तू?”

“कशाबद्दल?”

“परत पाठवण्याबद्दल.”

“अगं, त्यात विचारायचं काय? खराब होते. सात दिवसांत परत नाही केले तर घेतही नाहीत. तू होतीस बाहेर. करून टाकलं.”

“ते खराब नव्हते. ते तसेच असतात. मला तसेच हवे होते.”

“आवाज गळणारे?”

“हो.”

चेतन हसला. तो वाईट हसला नाही. लहान मुलाने चपला उलट्या घातल्या की मोठी माणसं हसतात, तसा हसला. रश्मी त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी होती. “ताई, मी अकरा वर्षं आयटीत आहे. दिवसभर हेडफोन लावून बसतो. ऐक माझं. यात बाहेरचा आवाज कापायचं मशीनच असतं आतमध्ये. आमच्या ऑफिसात सगळे हेच वापरतात.”

“तुमच्या ऑफिसात खाटेवर कुणी आहे?”

“म्हणजे?”

“आई वाटी वाजवते, चेतन. ती मला ऐकू यायला हवी. गाणं ऐकतानाही ऐकू यायला हवी. एवढ्यासाठी मी महिनाभर शोधून ते घेतले होते.”

तो क्षणभर थांबला. तिला वाटलं, पोहोचलं. पण तो म्हणाला, “मग आई झोपली की ऐकत जा ना. तेव्हा कोण वाजवणार आहे?”

“आई झोपली की मी काय करते, माहीत आहे तुला?”

“काय करतेस?”

आई झोपली की रश्मी चादरी धुते, पेज शिजवते, डॉक्टरांना फोन करते, कधी भिंतीला टेकून उभ्या उभ्या डोळे मिटते. हे त्याला सांगायचं म्हणजे दाखला दिल्यासारखं झालं असतं. आपल्या दिवसाचा दाखला ती त्याला का म्हणून देईल? तो काही तहसीलदार नव्हता.

“पोरानं हौसेनं आनलंय, तर घे की,” गोजरबाई मध्येच म्हणाल्या. “आमच्या पोरानं त्याच्या बापाला सादं कानाचं मशीन आनलं न्हाई. त्येच म्हनले, नको बाबा, सुनंचं समदं ऐकू येईल.”

चेतन मोठ्याने हसला, आणि त्या हसण्यानेच रश्मीच्या आत काहीतरी ठरलं. पुढे तिला अनेकदा वाटलं, की तो तेव्हा हसला नसता तर आपण तसं केलं नसतं. पण हे वाटणंही फारसं खरं नव्हतं. तिला ते करायचं होतं.

“बरं,” ती म्हणाली. “तूच घालून बस आधी. तुझं गाणं लाव. मी चहा टाकते.”

“आता कशी बोललीस.” चेतनने उत्साहाने खोकं उघडलं, हेडफोन कानांवर चढवले, फोनवर काहीतरी लावलं आणि खुर्चीत मागे रेलला. चेहऱ्यावरचा प्रवासाचा शीण बघता बघता उतरला. सकाळी सहाला निघून आलेला माणूस होता तो. त्याने डोळे मिटले. खुर्ची आईच्या खाटेपासून दोन हातांवर होती.

रश्मी स्वयंपाकघरात गेली. आधण ठेवलं, साखर घातली. गोजरबाई निवडलेली मेथी घेऊन तिच्यामागून आल्या.

पाच-सात मिनिटं गेली असतील. खोलीतून वाटीवर दोन ठोके पडले.

रश्मीचा हात सवयीने गॅसच्या बटणाकडे गेला. तिने गॅस बंद केला आणि जागीच उभी राहिली.

“वाजली,” गोजरबाई म्हणाल्या.

“चेतन आहे तिथे.”

“त्याच्या कानावर ते धूड हाय ना.”

“हो.”

पुन्हा दोन ठोके. मग थोडा वेळ काही नाही. रश्मी दारापर्यंत आली. तिथून खाट दिसत होती आणि चेतनची खुर्चीही. तो पायाच्या अंगठ्याने ताल धरत होता. आईने मान त्याच्याकडे वळवली होती. तिने चमचा उचलला आणि या वेळी लागोपाठ तीन ठोके मारले.

त्याच्या अंगठ्याचा ताल जराही चुकला नाही.

“रश्मे, जा की,” गोजरबाई दबक्या आवाजात म्हणाल्या आणि स्वतःच पुढे झाल्या. रश्मीने त्यांचा दंड धरला. तिला वाटलं होतं त्यापेक्षा घट्ट धरला.

“थांबा मावशी. त्याला बघू दे.”

“त्याचं डोळं मिटल्यालं हायेत. काय बघनार हाय तो?”

आईने परत तीन ठोके मारले. मग आणखी तीन. मग ठोक्यांना गणती उरली नाही. चमचा वाटीवर, स्टुलावर, खाटेच्या लोखंडी कठड्यावर, लागेल तिथे आपटत राहिला. तिच्या घशातून एक लांब, घोगरा आवाज निघाला. चेतन डोळे मिटून मान हलवत होता. आणि मग भागिरथीबाईंनी मुलाकडची मान या बाजूला वळवली. त्यांची नजर सरळ दाराकडे आली, दारात उभ्या असलेल्या रश्मीवर आली, आणि तिथेच थांबली.

चमचा थांबला.

रश्मी धावली, पण उशीर झाला होता. चादर भिजली होती. दुपारपासून डायपर नव्हता, कारण कातडीला पुरळ आलं होतं आणि थोडी हवा लागू द्यावी, असं डॉक्टर म्हणाले होते. लागलं की आई वाजवेल आणि आपण भांडं देऊ, असं तिनेच ठरवलं होतं.

ती खाटेवर वाकताच चेतनने डोळे उघडले. घाईघाईने हेडफोन काढून तो उभा राहिला. “काय झालं?”

“वाटी वाजत व्हती, बाबा,” गोजरबाई म्हणाल्या. “लई वाजली. गल्लीला ऐकू गेली.”

“मला नाही ऐकू आली.”

“व्हय. तेच.”

चेतनने हातातल्या वस्तूकडे पाहिलं, मग आईकडे, मग बहिणीकडे. त्याचा चेहरा आधी पडला आणि मग कठीण झाला. “तू तिथेच होतीस ना ताई? तुला येत होतं ना ऐकू?”

“येत होतं.”

“मग?”

“मग काय? चार महिन्यांपूर्वी मी ऐकलं नाही, तर तू चारचौघांत मला बोललास. आज तू ऐकलं नाहीस. तुझ्या कानांतले बोळे माझ्यापेक्षा महाग आहेत, एवढाच फरक.”

“म्हणून तू आईला असं...”

“हो,” रश्मी म्हणाली. “ते मी केलं. ते माझ्याकडे. त्याचं मी बघेन. आता तिकडून धर. मी कुशीवर वळवते, तू चादर ओढ.”

“मी?”

“मग कोण? दीड वर्षात एकदा तरी ओढलीस का?”

चेतनने चादर ओढली. त्याला ते येत नव्हतं. रबरी चटई चादरीबरोबर गोळा झाली, आईचा मोडून सांधलेला हात तिच्याखाली अडकला आणि ती कण्हली. त्याचे कान लाल झाले. गोजरबाईंनी मग स्वच्छ चादर आणून त्याच्या हातात दिली आणि कोपरा कसा खोचायचा ते दाखवलं. आईला पुसून, कोरडं करून निजवल्यावर चेतन वाटीकडे बघत म्हणाला, “तीन वाजवले होते?”

“तीन.”

तो खाली बसला. तो सात वर्षांचा असताना कडब्याची गंज पेटली होती. परातीवरचे तीन ठोके त्याला ओढ्याच्या पलीकडे ऐकू गेले होते, आणि अनवाणी, सराट्यांतून धावत, बापाच्याही आधी पोहोचलेला तोच होता. वस्तीवर कित्येक दिवस त्याचं कौतुक चाललं होतं. रश्मीला ते आठवलं आणि त्यालाही आठवलं असावं.

रश्मी आईच्या उशाशी वाकली. “आई, चुकलं माझं,” ती म्हणाली. “तुला पुढे करायला नको होतं मी.”

भागिरथीबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. डाव्या हाताने त्यांनी स्टुलावरचा चमचा चाचपला, उचलला आणि उशीखाली सरकवला. मग तळहात उशीवर दाबून धरला. वाटी स्टुलावर एकटीच पालथी राहिली. रश्मीला सगळा अर्थ कळला. वाजवून उपयोग नसेल, तर नाही वाजवणार.

इतकं तिला जिन्यातल्या त्या वाक्याचंही लागलं नव्हतं. आणि आश्चर्य असं, की त्याने तिचा राग निवला नाही. वाढला. आपल्याला एक साधी वस्तू हवी होती. ती आपण शोधली, आपल्या कमाईतून घेतली, आपल्याला ती जमली. ती ठेवता यावी म्हणून आईला अशी ओली पडू द्यावी लागते, हे कुठलं घर आहे?

साडेचार वाजता दाराची बेल वाजली. पाठीवर भली मोठी पिशवी घेतलेला, मिशा पिकलेला एक माणूस दारात होता. “रिटर्न पिकअप. चेतन औटी?”

चेतनने बहिणीकडे पाहिलं. या घरात त्याने असं, उत्तरासाठी, कधी पाहिलं नसावं.

“नाही द्यायचं,” रश्मी म्हणाली.

“मग कॅन्सल करा मोबाईलवर,” माणूस म्हणाला. “नायतर मला परत पाठवतील उद्या. जिना चढवत नाही आता.”

चेतनने मोबाईल काढला, दोन-तीनदा बोट फिरवलं आणि थांबला. “कारण विचारतंय.”

“चूक झाली, म्हणून टाक.”

त्याने यादी वरखाली केली. “तसा पर्याय नाही यात.”

“मग जवळपासचा बघून टाक.”

त्याने काहीतरी दाबलं. काय, ते तिने विचारलं नाही. माणूस जिना उतरून गेला. रश्मीने विळीच्या टोकाने खोक्याची चिकटपट्टी फाडली. चेतनने खरोखर नीट बांधलं होतं. वायरीची गुंडाळी सुबक, मखमलीच्या गाद्यांमध्ये कागद. तिचाच फोन तिने त्याच्यापुढे धरला. “यातून तुझं खातं काढ.”

“ताई, एवढं काय...”

“काढ. मी माझं उघडीन.”

त्याने काढलं. मग त्या काळ्या खोक्याकडे बोट दाखवून म्हणाला, “आणि हे?”

“तुझ्या ऑफिसात सगळे वापरतात ना.”

गोजरबाई मेथीच्या काड्या गोळा करत होत्या. त्यांनी हसू दाबलं, पण पुरतं दाबता आलं नाही.

“मी चांगल्यासाठीच आणले होते,” चेतन हळू आवाजात म्हणाला.

“ठाऊक आहे मला. तू सगळं चांगल्यासाठीच करून टाकतोस. नळ, शेगडी, सगळं. तू करून टाकतोस आणि सहाच्या गाडीला बसतोस. एकदा काही न करता बस इथे. आईजवळ. कानांत काही घालायचं नाही, फोन बघायचा नाही. एक तास.”

“पुढच्या वेळी येईन तेव्हा...”

“आज. आत्ता.”

“साडेपाचला निघायचं होतं मला. स्नेहल वाट बघत असेल.”

“तिला फोन कर. आणि मग तो बाजूला ठेव.”

त्याने बायकोला फोन केला, उशीर होईल इतकंच सांगितलं, आणि फोन टीव्हीवर पालथा ठेवला. मग खुर्ची खाटेला आणखी जवळ ओढून बसला. हातांचं काय करायचं ते न कळून त्याने ते गुडघ्यांवर ठेवले.

रश्मीने दाराजवळचं दुसरं स्टूल स्वयंपाकघरात नेलं, आईची खाट दिसणार नाही अशा जागी ठेवलं आणि हेडफोन घातले. मुलतानी लावला. तानपुऱ्याच्या तारा झणकारल्या आणि त्यांच्यातून गोजरबाईंच्या चपलांचा आवाज जिना उतरत गेला. रस्त्यावर ट्रक होते. आलाप सुरू झाला, पण तिचं मन त्यात बसेना. दाढा आवळलेल्या होत्या. आपण आईच्या नजरेला काय दिसलो असू, ते पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येत होतं. आणि ते जरा हटलं, की त्या जागी चेतनचं ते हसणं येत होतं. ती गाणं ऐकत नव्हती. गाण्याच्या आडून खोली ऐकत होती. तिथून काहीच येत नव्हतं.

आलाप वर चढला, पंचमावर थांबला. खोलीतून चेतनचं खाकरणं आलं. “आई, पाणी हवंय?” उत्तर आलं नाही. थोड्या वेळाने: “पंखा कमी करू?” उत्तर नाही. मग तो म्हणाला, “चमचा घे ना ग आई. मी ऐकतोय आता.”

रश्मीने डोळे मिटले नाहीत. समोरच्या भिंतीवरच्या फळीवर, मोठ्या भांड्यांच्या रांगेत, वस्तीवरची ती परात उभी होती. तिला ती दिसत होती आणि दिसत नव्हती.

बंदिश सुरू झाली. तबला आला. आणि त्या ठेक्याच्या बाहेर, त्याच्याशी कुठेही न जुळणारा, बारीक, कोरडा आवाज आला. टण. टण.

ती स्टुलावरून अर्धी उठली. मग थांबली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, भांड्यातून पेल्यात पाणी ओतल्याचा, आणि चेतनचा, “सावकाश, आई, सावकाश.” ठसका लागला. “मान जरा वर घे. अशी. हां.” तिला हे सगळं स्वच्छ ऐकू येत होतं, एक-एक वेगळं, आणि गाणंही ऐकू येत होतं. ती परत खाली बसली.

राग गेला नव्हता. आई आपल्यासाठी वाजवेल तेव्हा वाजवेल. ते आज होईलच असं नव्हतं, आणि झालं नाही तर त्यात आईचं काही चुकत नव्हतं. चेतनही पुढच्या खेपेला काहीतरी करून टाकीलच. पण तासातली चाळीस मिनिटं अजून उरली होती आणि ती तिची होती. आलाप तर सगळाच वाया गेला होता. तिने अंगठ्याने गाणं मागे सारलं, अगदी सुरुवातीला नेलं, आणि तानपुरा पुन्हा लागेपर्यंत वाट बघितली.